करवाढीचे स्वागत

चिंचखडकच्या समाजमंदिरात विमलबाई बोलायला उठल्या तेव्हा दीपा मागच्या खुर्चीत बसून टिपणं घेत होती. नगरपरिषदेनं घरपट्टी वाढवायचा ठराव आणला होता आणि त्यावर गावानं सभा बोलावली होती. पापड लाटून घर चालवणाऱ्या विमलबाई आधी कधी सभेत बोलल्या नव्हत्या.

"आधी नळाला पानी द्या, रस्ता करा," त्या म्हणाल्या. "मग वाढवा पट्टी. आमी भरू. पन आधी द्या तर खरं!"

दुसऱ्या दिवशी दैनिक 'सीनाकाठ'मध्ये दीपाच्या नावानं बातमी आली: 'करवाढीचे नागरिकांकडून स्वागत'. शेजारी विमलबाईंचा फोटो आणि अवतरणात दोनच शब्द, 'आम्ही भरू'.

दीपा तडक पेपरच्या नगरच्या कचेरीत गेली. संपादक आबासाहेब चष्मा कपाळावर सारून डोळे चोळत बसले होते.

"ही बातमी मी लिहिलेली नाही, आबासाहेब."

"माहीत आहे. मीच फिरवली." त्यांनी काही लपवलं नाही. "दुकानदारांच्या जाहिराती कधीच मोबाईलवर गेल्या. या नगरपरिषदांच्या नोटिसा मिळतात म्हणून तुमचे पगार होतात. मी काय करू, तूच सांग."

"निदान माझं नाव तरी काढायचं."

"विसरलो गं."

खरंच विसरले असावेत. हल्ली पानं लावायलाही तेच बसत.

संध्याकाळी चिंचखडकचे अंकविक्रेते पीरमहंमदचाचा यांचा फोन आला. "बेटा, लोक अंक बंद करायला लागले. कुणी भांडलं असतं तरी चाललं असतं. 'उद्यापासून नको' एवढंच म्हणतात आणि दार लावून घेतात."

दीपा विमलबाईंकडे गेली. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं ठेवला, पण बस म्हणाल्या नाहीत.

"शेजारनी बोलंनात माज्याशी. म्हनत्यात, पट्टी तूच वाढवून आलीस."

"मावशी, मी तसं लिहिलं नव्हतं. कचेरीत बदललं."

"नाव तुजंच हाय न्हवं त्याच्यावर?"

"आहे."

"मग झालं तर."

परतीच्या एसटीत दीपानं बातमी पुन्हा लिहिली. विमलबाईंचं अख्खं बोलणं, खाली दिलगिरी, आणि करवाढीवर महिनाअखेरपर्यंत कुणालाही हरकत घेता येते ही माहिती. आबासाहेबांसमोर कागद ठेवून ती म्हणाली, "हे छापा, नाहीतर उद्यापासून मी येत नाही."

आबासाहेबांनी दोनदा वाचलं. "घेतो पहिल्या पानावर," ते म्हणाले. "आता वाचणारंच कुणी उरलं नाही, तर कुणाची मर्जी राखायची?"

बातमी छापून आली त्या सकाळी दीपा पहिल्या गाडीनं चिंचखडकला पोचली. चाचा स्टँडवरच्या बाकड्यावर बसले होते. गठ्ठ्याची सुतळीसुद्धा सोडलेली नव्हती.

"छान आलंय. मी एक अंक ओढून वाचला," ते म्हणाले. "पण टाकू कुठं?"

गावात तोवर वेगळंच पसरलं होतं. जो हरकत घेईल त्याचा नळ तोडणार, असा मेसेज सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होता. कुणी पाठवला हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि खरा सगळ्यांना वाटत होता.

दीपा आणि चाचा अंक घेऊन दारोदार फिरले. पैसे नकोत, नुसतं वाचा म्हणाले. काहींनी घेतला, काहींनी दार उघडलं नाही. एकानं अंक घेऊन तिथंच त्यानं स्कूटर पुसली. चाचा पुढच्या दाराकडे वळले. दीपाचे पाय भरून आले होते.

विमलबाईंनी बातमी अक्षरावर बोट ठेवून वाचली. "हां. आसं म्हनले हुते मी." मग त्यांनी वर पाहिलं. "पन नळ तोडनार म्हनत्यात, ते?"

"खोटं आहे, मावशी. मी नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना विचारलंय."

"परत इचार. माज्यासमोर."

दीपाला क्षणभर राग आला. मग तिनं मुकाट्यानं फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "असा कुठलाही आदेश नाही," पलीकडून आवाज आला. "ज्यांना हरकत घ्यायची आहे त्यांनी खुशाल घ्यावी."

विमलबाई उठल्या, पदर खोचला आणि शेजारच्या झुंबरबाईंचं दार वाजवलं. बोलणं बंद असूनही वाजवलं.

गावातून हरकती दाखल झाल्या, सुनावणी झाली आणि वाढ निम्म्यावर आली. 'सीनाकाठ'नं सगळं जसंच्या तसं छापलं. तरी बंद झालेले अंक फारसे सुरू झाले नाहीत. चाचांनी एजन्सी सोडली आणि ते मुलाच्या किराणा दुकानात बसायला लागले.

सुनावणीनंतर दीपा विमलबाईंचा निरोप घ्यायला गेली तेव्हा तिनं भीत भीत विचारलं, "पेपर परत लावायचा का, मावशी?"

"पेपर नगं," विमलबाई म्हणाल्या. "काय झालं तर तूच येऊन सांगत जा."

दीपाला हे ऐकून बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. तिला पारनेरला दुसऱ्या सभेला जायचं होतं. ती चहा पिऊन निघाली.