वगातली आई

सकाळी वैरण कापायला अंजना गोठ्यात गेली, तर कुडात खोचलेला कोयता जागेवर नव्हता. तिने आळीत कुणाला विचारलं नाही. तिचा पोरगा सुदाम लवकर आंघोळ करून यात्रेला गेला होता आणि नेहमी विजारीत खोचायचा तो सदरा आज त्याने मोकळा सोडला होता, एवढं तिने पाहिलं होतं.

गोष्ट साऱ्या आंबेगाव तालुक्याला तोंडपाठ होती. १९९१च्या मे महिन्यात, सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून, संपतने थोरल्या भावाला, अंजनाच्या नवऱ्याला, धर्माजीला, कुऱ्हाडीने तोडलं. तीन घाव. एक खांद्यावर, दोन मानेवर. अंजना भाकरी घेऊन बांधावर पोहोचली तेव्हा तिसरा घाव पडत होता. दहा वर्षांचा सुदाम तिच्या मागे तांब्या घेऊन उभा होता.

दोन वर्षांत नारायणगावच्या एका तमाशा मंडळाने त्यावर वग बसवला. नावं बदलली, विहीर तीच ठेवली, आणि एक गोष्ट पदरची घातली. वगातली आई नवऱ्याचा रक्ताने भरलेला पटका पेटीत जपते, पोराला रोज काढून दाखवते आणि त्याला मिसरूड फुटल्यावर गाणं म्हणत त्याच्या हातात कोयता देते. पोरगा चुलत्याला उभा कापतो. शिट्ट्या थांबता थांबत नाहीत.

खरा पटका पोलिसांनी पंचनाम्यात नेला होता. तो परत आलाच नाही. बापाच्या मरणाबद्दल अंजनाने पोराशी कधी अवाक्षर काढलं नव्हतं. तो विसरेल, असं तिला वाटत राहिलं. सुदामने मात्र कळंबला, मंचरला, अवसरीला, जिथे यात्रा तिथे जाऊन तो वग पाहिला होता. अकरा वेळा. बैलं सोडताना तो तेच गाणं गुणगुणायचा.

फेब्रुवारीत संपत जन्मठेप भोगून तुरुंगातून सुटून आला. यात्रा कमिटीचे गेणभाऊ चार दिवसांपूर्वी अंजनाच्या ओट्यावर येऊन बसले होते.

"वैनी, हजेरीला काका-पुतण्याला पुढं शेजारी शेजारी बसवतो. दोघांचा टोपी-नारळ देऊन सत्कार. वग बघताना रडतील, आन गळ्यात पडतील. देवापुढं वैर मिटतं, लई दिवसाची रीत हाय आपली."

"कोणता वग, भाऊ?"

"आपलाच की. पोरांनी तोच मागितलाय."

"दुसरा लावा."

"अवो, दुसऱ्यात रडू कसं यायचं?"

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी तमाशाने देवापुढे भरदिवसा कार्यक्रम करायचा, ती हजेरी. वग गावाने सांगायचा. आज तोच दिवस. अंजना वैरण न कापताच टाकून तमाशाच्या तंबूकडे निघाली.

वगातल्या आईचं काम करणारी द्रौपदा पत्र्याच्या पेटीवर बसून तोंडाला रंग लावत होती. पंचेचाळिशीची बाई, बुटकी, आवाज बसलेला. अंजनाने नाव सांगितलं तशी ती उठून उभी राहिली.

"म्हंजी ती तुमीच?"

"मीच. माझं पोरगं कोयता घेऊन गेलंय. आज तू त्याला कोयता देऊ नको, बाई."

"ताई, मी माझ्या पोराला देते. वगातल्या."

"त्याला तेवढं कळत न्हाई. तू देतीस तवा मीच देते, असं त्याच्या डोक्यात बसलंय."

द्रौपदाने रंगाची डबी खाली ठेवली. "शेवट फिरवला तर पब्लिक दगड मारंल. मॅनेजर तर हाकलूनच देईल."

अंजना जायला वळली. मागायचं ते मागून झालं होतं.

"तुमी बायकांच्या दोरीपाशी बसा," द्रौपदा म्हणाली. "पोरावर नजर ठेवा."

अकराच्या उन्हात वग सुरू झाला. पुढच्या ओळीत लोखंडी खुर्च्यांवर संपत आणि सुदाम, दोघांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या, मांडीवर नारळ. गेणभाऊ मागून दोघांच्या खांद्यावर हात ठेवून बसले होते. कुणी रडत नव्हतं. रंगमंचावर धाकटा भाऊ कुऱ्हाड घेऊन आला तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "संपतराव, बराबर धरलीय का?" लोक हसले. संपतने मान खाली घातली. सुदाम समोर बघत होता आणि त्याचे ओठ गाण्यावर हलत होते.

गाणं संपलं. द्रौपदाने कोयता उचलला. पोराचं काम करणाऱ्याने हात पुढे केला. तिने कोयता पाठीमागे घेतला आणि रंगमंचावरच्या पुठ्ठ्याच्या विहिरीत टाकून दिला.

"तुझ्या बापासंगं मी एकदा मेले," ती म्हणाली. "आता न्हाई मरायची."

ढोलकी अडखळली. मागून आवाज आला, "शेवट लावा." पहिली चप्पल आली, मग नारळ, मग दगड. एक दगड द्रौपदाच्या भुवईवर बसला. ती खाली बसली, तेवढ्यात खुर्ची येऊन तिच्या डोक्यावर आदळली. पोरांनी कनात फाडली, बांबू उपसले, ढोलकीवाल्याला त्याच बांबूंनी बडवलं. गेणभाऊ माइकवर "शांत बसा, शांत बसा" म्हणत राहिले, ते तार तुटेपर्यंत.

"सुदाम," कुणीतरी हसत हाक मारली, "तमाशातली आई भ्याली. तूबी भ्याला व्हय?"

संपत उठला. "चल, पोरा, घरी जाऊ," म्हणत त्याने पुतण्याचा दंड धरला. सुदामने सदऱ्याखालून कोयता काढला. पहिला घाव संपतच्या मनगटावर बसला. हाड पांढरं दिसलं आणि पुढच्याच क्षणी रक्ताने झाकलं. तो खुर्च्यांमध्ये उताणा पडला. मानेचा नेम धरून सुदामने कोयता पुन्हा उचलला.

दोरी ओलांडून अंजना तोवर पोहोचली होती. तिने डाव्या हाताने पातंच धरलं.

"सोड, आई."

तिने सोडलं नाही. त्याने हिसका दिला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुळापासून गेलं. ती तशीच उरलेल्या बोटांनी धरून उभी राहिली.

"तूच दिलायस मला," तो म्हणाला.

"कवा दिला?"

त्याने कोयता तसाच ओढून धरला.

"कुठं दिला, सांग. घरात? वावरात? काय बोलले मी देताना?"

सुदामने रंगमंचाकडे पाहिलं. द्रौपदा तिथे आडवी पडली होती, तोंडावरचा रंग रक्तात कालवलेला. त्याने आईकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे. त्याने मूठ सोडली आणि खाली, रक्तातच, बसून राहिला. हवालदार आले तेव्हा तो तिथेच होता.

मंचरला दवाखान्यात दोघींच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. द्रौपदाला अकरा टाके पडले होते.

"मॅनेजरनं काढलं मला," ती म्हणाली. "उद्या अवसरीला दुसरी बाई उभी राहणार. जुनाच शेवट."

अंजनाने उजवा हात लांबवून तिच्या खाटेच्या कडेवर ठेवला.

संध्याकाळी हवालदार कागद घेऊन जबाब घ्यायला आला. वैरण कापताना लागलं म्हणून सांगावं, असं गेणभाऊंनी दारातूनच खुणावलं.

"माझ्या पोरानं मारलं," अंजना म्हणाली. "एक घाव चुलत्याला, एक मला. चुलता जिता हाय?"

"पुण्याला नेलाय. जगंल."

"तसं लिहा. मेला न्हाई, लिहा. पोरानं आपणहून कोयता सोडला, तेबी लिहा."

त्याने लिहिलं.

"आन लिहा, आईनं कोयता दिला नव्हता."

"त्याची गरज न्हाई, बाई. तसं कोण म्हणतंय?"

"लिहा."

हवालदाराने लिहिलं. तिने त्याच्याकडून ते दोनदा वाचून घेतलं. मग शाईची डबी मागितली आणि उजवा अंगठा पुढे केला.