असू द्या

आईने हातातला छोटा गोल आरसा खारूच्या तोंडासमोर धरला आणि स्वतःची जीभ टाळूला लावून दाखवली.

"बघ. अशी वर. आणि मग जोरात. र्र."

खारूने आरशात पाहिलं. आधी स्वतःचे दात, मग पाठीमागच्या खिडकीत बसलेला कावळा, मग पुन्हा दात. समोर औषधाचा चमचा यावा तसं तोंड तिने घट्ट मिटून घेतलं होतं.

"एकदाच म्हण. आभार. आभार मानते."

खारूने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

"बरं, नुसतं र म्हण."

"पाणी," असं म्हणून खारू खुर्चीवरून घसरली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

तिने आरसा पर्समध्ये टाकला. आज बुधवार. शुक्रवारला मध्ये एकच दिवस.

हातात आलेली कुठलीही खाण्याची वस्तू दोन्ही पंजांत धरून कुरतडायची, म्हणून ती खारू. पावणेपाच वर्षांची. दोन वर्षांची असताना दाराला 'दाल' आणि घराला 'घल' म्हणायची, तेव्हा सगळे तिला पुन्हा पुन्हा म्हणायला लावून हसायचे. पुढे ते हसू आईच्या चेहऱ्यावरून हळूहळू उतरलं. तीन महिन्यांपूर्वी बालवर्गात डबे खाऊन झाल्यावर सगळी मुलं हात जोडून "आभार मानतो" म्हणत होती, त्यात खारू मोठ्याने "आभाळ मानते" म्हणाली. वर्ग खदाखदा हसला. त्या दिवशी घरात आरसा आला आणि त्याच दिवसापासून खारू वर्गात बोलेनाशी झाली. या दोन गोष्टी एकाच दिवशी घडल्या, हे आईच्या लक्षात आलं नव्हतं. म्हणजे आलं होतं, पण तिने त्यांची संगती भलतीकडून लावली होती.

"शुक्रवारी दहाला घेऊन या," बालवर्गाच्या बाई म्हणाल्या होत्या. "चार वाक्यं बोलली तरी पुरे मला. नाहीतर अजून एक वर्ष याच वर्गात बसू दे. घाई कशाला?"

घाई कुणालाच नव्हती. नवरा म्हणायचा, "मीही पाच वर्षांचा होईपर्यंत गप्प होतो. आता तूच म्हणतेस, जरा गप्प बसा." सासूबाई म्हणायच्या, "बोलत नाही कोण म्हणतं? माझ्यासमोर तर तोंडाचा पट्टा चालू असतो." पण सासूबाईंना कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्यांची साक्ष ती धरत नसे.

नोकरीही तिला चुका शोधायचीच मिळाली होती. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनात ती मुद्रितशोधक होती. दिवसभर लाल पेन घेऊन ऱ्हस्व-दीर्घ तपासायचे, सुटलेले अनुस्वार पकडायचे. या कामातली एकच खूण तिला मनापासून आवडायची. चुकून बरोबर शब्द खोडला गेला, तर त्याच्याखाली टिंबांची ओळ द्यायची आणि समासात लिहायचं, 'असू द्या'. मग जुळणी करणारा त्या शब्दाला हात लावत नाही. ही खूण ती वर्षातून दोन-तीनदाच वापरायची. तिच्या हातून बरोबर शब्द सहसा खोडला जात नसे.

या आठवड्यात संपादकबाईंनी तिच्या गळ्यात भलतंच काम घातलं होतं. लहान मुलांच्या कवितांच्या पुस्तकात एक पान कोरं राहत होतं.

"आठ ओळी लिही. विषय आभार. घरात लहान मूल आहे तुझ्या, तुला काय अवघड?"

अवघड होतं. सूर्याचे आभार, झाडांचे आभार, बाईंचे आभार असं तिने लिहून पाहिलं. वाचताना ते बक्षीस समारंभाच्या शेवटी होणाऱ्या भाषणासारखं वाटायला लागलं. तिने ते खोडलं. मग मुद्दाम भरपूर र घालून लिहिलं, म्हणजे खारूला सरावालाही होईल. ते तर तिला स्वतःलाच धड म्हणता येईना.

गुरुवारी दुपारी कार्यालयातली वीज गेली आणि तिला लवकर सुट्टी मिळाली. खारूला घेऊन सासूबाई रोज या वेळी कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाशी बसतात, एवढं तिला माहीत होतं. दुकानापुढे सावली होती आणि एक बाक होता. घरी जाऊन कुलूप उघडण्यापेक्षा ती तशीच तिकडे वळली.

सासूबाई बाकावर टेकून डुलक्या घेत होत्या. दुरुस्तीला आलेल्या सायकलींच्या रांगेपलीकडे सायकलवाले काका उकिडवे बसले होते आणि त्यांच्यासमोर, अगदी तसंच उकिडवं, खारू. ती हाक मारणार, तेवढ्यात खारूचा आवाज आला.

"काका, हे टायर का?"

"ही ट्यूब. टायर वर असतो, ट्यूब आत. तुझा फ्रॉक वर आणि पोट आत, तसं."

"मग पंक्चर पोटाला होतं?"

"पोटालाच. म्हणून तर सायकल बसते ना खाली."

"रबर लावलं की बरं वाटतं?"

"लगेच. पण आधी घासून घ्यावं लागतं."

तिने सायकलीची सीट धरली. पंक्चर. टायर. रबर. बरं. एकेक र खणखणीत, नुकत्याच पाडलेल्या नाण्यासारखा. ती कान देऊन ऐकत राहिली आणि सवयीने चूक शोधत राहिली. चूक सापडेना.

काकांनी उलट्या ठेवलेल्या सायकलचं पेडल फिरवून सोडून दिलं. मागचं चाक कर्रर्र करत फिरायला लागलं. खारूने त्याच्याजवळ तोंड नेलं आणि चाकाच्या बरोबरीने सुरू झाली, "र्रर्रर्र..." चाक थांबेपर्यंत तीही थांबली नाही. शेवटी तिला धाप लागली.

"आज तू जिंकलीस," काका म्हणाले. "काल चाक जिंकलं होतं."

"काल मला सर्दी होती. आता आजीला उठवू, घरी जायचंय."

घरी. खारू हल्ली 'घर' म्हणतच नव्हती. 'आपल्याकडे जाऊ' म्हणायची. 'दार उघड' म्हणायची नाही, नुसतं 'उघड ना'. चादरीला 'झोपताना घ्यायचं' म्हणायची. तिला वाटायचं, पोरीकडे शब्द कमी आहेत. पोरगी तीन महिने एकेक शब्द चाळून, खडे बाजूला काढून तिच्याशी बोलत होती.

काकांनी एका डबीतून सायकलच्या बेअरिंगमधला चकचकीत, गोळीसारखा छर्रा काढून, फडक्याने पुसून खारूच्या तळहातावर ठेवला. खारूने तो मुठीत घेतला आणि म्हणाली,

"आभाळ."

सायकलींच्या रांगेमागे आईचे ओठ आपोआप हलले. आभार.

काकांनी हातातली पकड खाली ठेवली आणि विचारलं, "आज कुठलं?"

खारूने मान वर केली. नीट पाहून घेतलं.

"कापूसवालं. मधे फाटलंय."

"अरेच्चा! फाटकं देतेस होय मला? ठिगळ कोण लावणार?"

"तुम्हीच. तुमच्याकडे रबर आहे ना."

काका एवढे हसले की सासूबाई जाग्या झाल्या आणि त्यांनी आधी पदर आणि मग चष्मा सावरला.

"अगं, तू कधी आलीस? आणि तिथं काय चोरासारखी उभी?"

खारूने वळून पाहिलं. आईला पाहताच तिचं तोंड मिटलं. पर्समधून आता काही निघणार की काय, म्हणून ती पर्सकडे बघत राहिली.

आईला ते बघवलं नाही. ती काकांकडे वळली.

"काका, तिला आभार म्हणायचं असतं. तुम्ही काही वाटून घेऊ नका."

"मी कशाला वाटून घेऊ?" काका ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवत म्हणाले. "आणि आभार घेऊन मी काय करू, ताई? येणारा-जाणारा देतोच की. हे मात्र रोज नवीन असतं. परवा तर पावसाळी दिलं होतं, म्हटलं दुकान गळेल माझं."

"मी सांगत होते ना, बोलते म्हणून?" सासूबाई म्हणाल्या. "पण माझं ऐकतं कोण!"

"चुकलंच माझं, आई," ती म्हणाली. सासूबाईंना ते ऐकू गेलं. त्यांनी दुसऱ्यांदा म्हणायला लावलं नाही.

संध्याकाळी तिने आरसा काढला नाही. खारू खुर्चीवर येऊन बसली, थोडा वेळ वाट पाहिली आणि मग छर्रा टेबलावरून घरंगळवत बसली. आईने कागद ओढला. या वेळी तिला फार विचार करावा लागला नाही.

*हवा भरली काकांनी, त्यांना दिलं आभाळ,*
*वेणी घातली आजीने, तिला दिली सकाळ.*

पुढच्या ओळी लिहून झाल्यावर सवयीने ती लाल पेन घेऊन वाचायला बसली. हात आपल्याच लयीत चालला आणि पहिल्या ओळीतला 'आभाळ' हा शब्द आडवी रेघ मारून मोकळा झाला. मग तिने शब्दाखाली एकेक टिंब द्यायला सुरुवात केली. खारू टेबलावर हनुवटी ठेवून बघत होती.

"हे काय?"

"टिंबं. मी खोडायला नको होतं, असं सांगायची खूण."

"कोणाला सांगायची?"

"ज्याचा शब्द आहे त्याला," ती म्हणाली.

शुक्रवारी दहाला त्या दोघी शाळेत बाईंसमोर बसल्या. बाईंनी चित्रांचे पत्ते मांडले. हा कोण? ही काय करते? खारू पत्त्यांकडे बघत होती, बाईंकडे बघत होती, पण बोलत नव्हती. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. कागदावर पेन सरकलं त्याचा आवाजही आईला ऐकू आला. मांडीवरच्या पर्सवर तिचे दोन्ही हात घट्ट होते. म्हण ना, एकदा पंक्चर म्हण, एवढं तिच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. तिने ते गिळलं.

"असू दे हं," बाई मायेने म्हणाल्या आणि खणातून निळा खडू काढून त्यांनी खारूला दिला. "हा तुला. आता काय म्हणायचं असतं?"

खारूने खडू दोन्ही पंजांत धरला. मग आईकडे पाहिलं. तोंडाकडे नाही, पर्सकडे.

आईने पर्स उचलून खाली पायाशी ठेवली.

"आभाळ," खारू हळूच म्हणाली.

"आभा...र," बाईंनी दुरुस्त केलं. "र म्हणायचा, बाळा."

"असू द्या, बाई," ती म्हणाली. आवाज वाटला त्यापेक्षा मोठा आला. खारूने चमकून वर पाहिलं. हे दोन शब्द काल टिंबांशेजारी आई लिहीत असताना तिने विचारून घेतले होते.

"कुठलं आहे आज?" तिने लेकीला विचारलं.

खारू खुर्चीवरून उतरून खिडकीशी गेली. टाचा उंचावून पाहिलं.

"धुतलेलं. अजून वाळलं नाही. बाईंनी घडी करून ठेवायचं नाही, नाहीतर वास मारतो."

बाईंचं पेन थांबलं. त्या आईकडे बघायला लागल्या, मग खारूकडे.

"आणि आभार?" त्यांनी विचारलं. "ते नाही द्यायचे मला?"

"आभार सगळेच देतात," खारू म्हणाली.

बाई हसल्या. वहीतली मघाची ओळ त्यांनी खोडली. "चार झाली की हो," त्या म्हणाल्या, "वर एक जास्तच."

शाळेच्या पायऱ्या उतरल्यावर ती थांबली. पर्समधून तिने आरसा काढला. खारूची पावलं जागच्या जागी थबकली.

"हा तुझा," ती म्हणाली. "मला नको आता. खेळायला घे."

खारूने आरसा घेतला. तोंडासमोर मात्र धरला नाही. तळहातावर आडवा ठेवला, वाकून आत पाहिलं, थोडा इकडे, थोडा तिकडे केला. मग दोन्ही हात पुढे करून आईला म्हणाली, "धर."

"काय आहे?"

"तुझं राहिलं होतं."

तिने खाली पाहिलं. आरशात निळं होतं, काठाशी एक ढग अडकलेला. तिने एका हाताने आरसा घेतला, तो जरा तिरका झाला.

"नीट धर ना, आई," खारू म्हणाली. "घरी जाईपर्यंत सांडेल."

रस्त्याने लोक येत-जात होते. ती भरलेली वाटी न्यावी तशी, एकेक पाऊल टाकत चालू लागली.