उजवीकडचा खिसा

दुपारचे चार वाजले की आमच्या शिलाईच्या कारखान्यातल्या सगळ्या मशिनी थांबायच्या. काजबटणवाल्या मावशींचा फोन वाजलेला असायचा. इस्त्रीवाली इस्त्री उभी करून धावायची, मालकीणबाई खुर्चीतून उठायच्या, आणि मावशींच्या टेबलाभोवती अशी गर्दी व्हायची की जणू तिथे कुणी प्रकटच होणार आहे.

"आला का? काय म्हणतो?"

मावशी चष्मा पुसून, फोन नाकाशी धरून वाचायच्या, "माझ्या हृदयाच्या राणी, जेवलीस का? समुद्राचा वारा तुझे नाव घेत आहे."

"वाऱ्याला दुसरा उद्योग नाही वाटतं," मी कटिंगच्या टेबलावरून म्हणायचो. माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघायचं नाही.

हे महाशय म्हणे जहाजावर इंजिनिअर होते. साठीचे, बायको वारलेली. ओळख चार महिन्यांची, तीही फोनवरची. व्हिडिओवर बोलायला जहाजावर बंदी, फोटो पाठवायला मात्र मोकळीक! पण बायकांना भुरळ पडली ती त्याच्या अंतर्ज्ञानाची. मावशींना डोळ्यांचा त्रास आहे, त्यांना जुनी गाणी आवडतात, हे सगळं त्याला न सांगता कळलं होतं.

"मनातलं ओळखतो हो!" इस्त्रीवालीच्या अंगावर काटा यायचा.

मग एके दिवशी त्याची पेटी बंदरात अडकली. पेटीत मावशींसाठी दागिने होते आणि ती सोडवायला पैसे हवे होते. मावशींकडे पैसे होते, पण ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले. आता उशीर करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मावशी हल्ली सुईत दोरा ओवायच्या तोही बोटांनी चाचपूनच.

"शुक्रवारी पाठवते," त्या म्हणाल्या. "डोळ्यांचं पुढच्या वर्षी बघू."

माझी कात्री कापडातच थांबली. "मावशी, फोटो दाखवा पाहू."

एकूण सात फोटो होते. रुबाबदार गडी, जहाजाच्या कठड्याला टेकलेला. मी वीस वर्षं शर्ट कापतो आहे. पुरुषाच्या शर्टाचा खिसा डाव्या छातीवर असतो. याचा उजवीकडे होता. सातही फोटोंत.

"सेल्फीत उलटं येतं कधी कधी," मालकीणबाई म्हणाल्या.

"येतं की. पण याचे दोन्ही हात कठड्यावर आहेत. मग फोन कुणी धरला, वाऱ्याने?"

मी एक फोटो फोनमध्येच सुलटा केला आणि इंटरनेटवर शोधायला टाकला. मिनिटभरात सापडला. दूरच्या कुठल्याशा देशातला दातांचा डॉक्टर, सहलीला गेलेला, शेजारी त्याची बायको. त्या बिचाऱ्याला आपलं तोंड कुणी चोरलंय याचा पत्ताही नसेल. शोधणाऱ्याला अस्सल फोटो सापडू नये म्हणून भामट्याने बायकोला फोटोतून कापून प्रत्येक फोटो उलटा केला होता. मग तो समुद्राचा वारा शोधला. तेच वाक्य, शब्दाला शब्द, दुसऱ्या तिघीजणींच्या तक्रारींत होतं.

"पण डोळ्यांचं त्याला कसं कळलं?" इस्त्रीवाली हट्टाने म्हणाली.

मी मावशींचं फेसबुक उघडलं. 'डोळ्यांचे चांगले डॉक्टर कुणाला माहीत आहेत का?' मावशींनी स्वतःच जगजाहीर विचारलं होतं. खाली त्यांची आवडती जुनी गाणी. झालं अंतर्ज्ञान!

खरं सांगतो, त्या क्षणी मला माझाच अभिमान वाटला. मी मावशींकडे पाहिलं. त्या रडत नव्हत्या. फोन उलटा ठेवून त्या एका बटणावरून बोट फिरवत होत्या.

"मास्तर, मी तीस वर्षं काजं करतेय," त्या हळूच म्हणाल्या. "पहिल्याच फोटोत दिसलं होतं मला. काजंसुद्धा उलट्या पट्टीवर होती."

"अहो, मग?"

"मग काय? जेवलीस का म्हणून विचारणारं दुसरं कोण होतं?"

माझं टेबल त्यांच्यापासून चार पावलांवर आहे. अकरा वर्षं मी तिथे बसून डबा खातो, आणि त्यांच्या डब्यात काय असतं ते मला ठाऊक नव्हतं. मला मान वर करवेना.

पैसे वाचले. आम्ही पोलिसांत तक्रार दिली, ऑपरेशनही झालं. पण चार वाजले की मावशी अजून फोनकडे बघतात. ते बघवत नाही.

म्हणून हात जोडून सांगतो. जो कधी समोर येत नाही आणि पैसे मागतो, तो कितीही गोड बोलला तरी भामटाच समजा. फोटो तपासा, व्हिडिओवर बोलायला लावा, पैसे पाठवण्याआधी घरातल्या कुणाला तरी दाखवा. आणि घरातल्यांनो, फसलेल्या माणसाला हसू नका. भामट्याने जे विचारलं, ते तुम्ही आधी विचारा.

मी आता रोज विचारतो. पहिल्या दिवशी विचारलं, "मावशी, जेवलात का?"

त्यांनी नव्या डोळ्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"जेवले," त्या म्हणाल्या. "पण मास्तर, फार उशिरा विचारलंत."