हनुवटीखालची शिवण

मी एक जुना मास्क आहे. नाटकातला नव्हे, चोराचा नव्हे, धुळीसाठी नाकावर बांधतात तोही नव्हे. पांढऱ्या प्लास्टिकच्या जाळीचा, कपाळापासून खांद्यांपर्यंतचा मी एक माणूस आहे. आत माणूस नाही, एवढंच.

मित्रांनो, माझा जन्म गरम पाण्यात झाला. तोवर मी सपाट पत्रा होतो आणि मला कसलीही काळजी नव्हती. पाण्यात मऊ पडलो, तसं इस्पितळात किरणांचा शेक देण्याच्या विभागातल्या ताईंनी मला एका शिंपीमास्तरांच्या तोंडावर दाबून बसवलं. दहा मिनिटांत थंड झालो आणि मास्तरांचा चेहरा होऊन बसलो. भरलेले गाल, रुंद जबडा, हनुवटीला किंचित खळगा.

मास्तरांनी मला उलटसुलट करून पाहिलं. "फिटिंग छान आहे. पण आत दाब ठेवला नाहीत. गिऱ्हाईक जाडबारीक होतं, तेव्हा दाबातलं जादा कापड लागतं."

"तुम्ही बारीक व्हायचंच नाही," ताई म्हणाल्या.

मास्तरांच्या घशात गाठ होती. ती मानेत उतरली होती आणि कापून काढण्याच्या पलीकडे गेली होती. डॉक्टरांनी नवराबायकोला समोर बसवून सांगितलं, सात आठवडे रोज शेक, शनिवार-रविवार सुट्टी. शिवाय आठवड्यातून एकदा सलाईनमधून औषध. औषधाने गाठ हळवी होते, मग शेक तिला नीट लागतो. दोन्ही एकदम दिली की जास्त गुण येतो. माणसालाही दोन्ही एकदम लागतात, पण त्याला इलाज नाही. "पस्तीस शेक. मध्ये खंड पडू देऊ नका. वजन उतरलं तर लगेच सांगा."

मास्तरांनी यातलं खंडाचं वाक्य मनात पक्कं टाचून घेतलं. वजनाचं सुटलं.

माझं काम सोपं होतं. खटके लावून मास्तरांचं डोकं टेबलाला जखडायचं, म्हणजे शेक नेमक्या जागी पडतो. ताई माझ्या हनुवटीखाली बोट सरकवून बघत. बोट जाईना, की माझं कौतुक होई. माणसाला हलू न देण्याबद्दल शाबासकी मिळणारा मी एकटाच नसेन.

चौथ्या आठवड्यात मास्तरांचं तोंड आतून सोलून निघालं. पाण्याचा घोटसुद्धा काचेसारखा उतरे. आवाज गेला, कुजबुज उरली.

"अहो, विजार सुतळीने बांधताय. सांगा की डॉक्टरांना," बायको म्हणाली.

"विजार मी शिवलीय. माझी मी बघतो."

"नाकातून नळी घाला म्हणतायत, तर घालून घ्या."

"नळी आली की वजनाची चौकशी आली. उतरलेलं वजन कळलं की नवा मास्क, नवं मोजमाप. आठवडा जाईल. खंड नको म्हणालेत."

वजनकाट्यावर उभं राहताना मास्तरांच्या कोटाच्या आतल्या खिशात कापड कापायच्या दोन मोठ्या कात्र्या असत.

पण माझ्याशी कात्री चालेना. हनुवटीखाली आता दोन बोटं गेली असती. आपापला मास्क फळीवरून घेऊन आत जायचं, अशी तिथली रीत होती. एका मंगळवारी मास्तर मला घेऊन आधी कपडे बदलायच्या खोलीत शिरले. कॉलरमधून सुई काढली. कोटाच्या खांद्यात घालतात त्या पांढऱ्या स्पंजच्या पट्ट्या पांढऱ्या दोऱ्याने माझ्या जाळीत आतून शिवल्या. टाके इतके बारीक, की मलाच दिसले नाहीत. ताईंनी बोट घातलं. गेलं नाही. "वा मास्तर, अजून घट्ट." मला ओरडायचं होतं. मला तोंड होतं. नेमकं तेवढंच कामाचं नव्हतं.

चार दिवस असेच गेले. सोमवारी जागेची खात्री करायला फोटो काढतात, त्यात सगळं दिसलं.

"हनुवटी पाच मिलिमीटर सरकलीय," डॉक्टर म्हणाले.

मास्तर कुजबुजले, "कोटात एवढं दाबात जातं."

"कोटाला गाठ नसते, मास्तर."

नवा मास्क झाला, नळी झाली. पाणी पोटात न गेल्याने मूत्रपिंडं थकली होती, म्हणून औषध थांबलं. एक दिवससुद्धा नको होता, तो शेकातला खंड अकरा दिवसांचा पडला. पस्तीस शेक पुरे झाले, पण उरलेले माझ्या धाकट्या भावाने पाहिले. मला मास्तरांनी पट्ट्यांसकट मागून घेतलं आणि दुकानात गिऱ्हाइकांच्या कागदी मापांशेजारी खिळ्याला टांगलं.

पाच महिन्यांनी गाठ परत आली. बायकोने डॉक्टरांना विचारलं, "त्या चार दिवसांमुळे?"

"तसं म्हणता येणार नाही," ते म्हणाले. "आणि नाही असंही म्हणता येणार नाही."

मास्तर गेले. दुकान बंद आहे.

मित्रांनो, अंगावरचं काही सैल होऊ लागलं तर ते लपवू नका, सांगा. हे सांगायला मी फार उशीर केला आहे, आणि तुम्हीही बहुधा सांगणार नाही.

परवा बायको आली. तिने मला मांडीवर घेतलं आणि ब्लेडने एकेक टाका उसवला. पट्ट्या निघाल्या. मी पुन्हा पहिल्या दिवसासारखा झालो, भरल्या गालांचा. तिने हनुवटीखाली हात घातला. सगळा हात आत गेला.