भाताच्या चुलीपाशी

"ज्या दिवशी तू लग्नघरी राबायला येणार नाहीस, त्या दिवसापासून तुझ्या दाराशी कोणी येणार नाही," म्बाक लास्मी, म्हणजे लास्मीताई, मला म्हणाल्या होत्या. मी तेव्हा नवी सून, कॉलेजातून नुकतीच आलेली. हसून म्हणाले, "अहो, शेजारणी आहेत त्या, पोलीस नाहीत!"

आमच्याकडे लग्न निघालं की गल्लीतल्या बायका तीन दिवस त्या घरी राबतात. प्रत्येकीचं काम ठरलेलं. नारळवाली नारळच खवते, चहावाली चहाच करते. भात वाफवायचा तो लास्मींनी. भातवालीनं शेवटचं पातेलं उतरेपर्यंत चूल सोडायची नाही. सोडली तर भात कच्चा राहतो म्हणतात.

मागच्या दोन लग्नांना लास्मी आल्या नाहीत. नवरा मलेशियात, घरात त्या आणि सात महिन्यांची लेक, माझ्या मुलाच्याच वयाची. तिला झटके येतात. मी डोळ्यांनी पाहिलंय.

या लग्नात बू तुमिराहंनी, म्हणजे स्वयंपाकघर ज्यांच्या शब्दावर चालतं त्या काकूंनी, कढईवरून मान न उचलता विचारलं, "आजही नाही ना आली राणीसरकार?"

"त्यांची लेक आजारी आहे, बू."

"आमची काय लोखंडाची होती? माझा धाकटा दोन पातेल्यांच्या मधे झाला!"

"आणि तिसऱ्याला तुम्ही हजर!" नारळवाली म्हणाली. सगळ्या खदखदून हसल्या. मीसुद्धा.

"चूल तू घे," बू मला म्हणाल्या. "शिकलेली आहेस, वाफ कळेल तुला."

घेतली. पुढच्या आठवड्यात माझ्या मुलाचं पाऊल पहिल्यांदा मातीला टेकवायचा विधी आहे, सगळ्या गल्लीला जेवण आहे. या बायका आल्या नाहीत तर ते जेवण कोण रांधणार?

घरोघर जेवणाचे डबे गेले. लास्मींचं घर वगळून.

चुलीपासून त्यांचं अंगण दिसतं. दोरीवरची झबली परवापासून तशीच. ओसरीवरचा दिवा भर दुपारी जळतोय. लेकीचं रडणं कालपासून ऐकू आलेलं नाही.

"बू, पटकन बघून येऊ?"

"आणि भात?"

मी बसले.

उद्या शेवटचं पातेलं उतरेल. तरी मी जाणार नाही, हे मला आत्ताच माहीत आहे. तुम्ही बाहेरचे आहात, तुम्हाला कोणी वाळीत टाकणार नाही. मशिदीच्या नगाऱ्यापासून तिसरं घर, निळं दार. एकदा हाक मारून बघा. ओ आली नाही तर दार ढकला.