माझ्या हाकेला आलेला तणमोर

मी एक जुना स्पीकर आहे. टेंभुर्णीपासून जरा आत, गिरिजाबाईंच्या सोयाबीनमध्ये एका बांबूला मला तारेने बांधलं आहे. माझी जाळी एका कोपऱ्यात आत चेपली आहे आणि तिथे दातांच्या खुणा आहेत. थोड्या थोड्या वेळाने मी कुत्र्यासारखा भुंकतो. मग एका माणसाच्या आवाजात 'हाऽऽल्या, हुर्रर्र' असं ओरडतो. रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून ही सोय आहे. मित्रांनो, या दोन्ही आवाजांपैकी एकही माझा नाही. मला स्वतःचा आवाज कधीच नव्हता.

माझ्या आत एक चुंबक आहे, तारेचं एक बारीक वेटोळं आहे आणि कागदाचा एक शंकू आहे. तारेतली वीज कमीजास्त झाली की वेटोळं पुढेमागे हलतं, त्यासोबत शंकू हलतो आणि शंकूपुढची हवा हलते. हवा हलली की तुम्हाला ऐकू येतं. आवाज कोणाचा आहे हे शंकूला कळत नाही. नवरी, पुढारी, बेडूक, कुत्रा, त्याला सगळे सारखेच.

जालन्यात शेतीच्या मोटारी विकणाऱ्या सर्जेरावांनी मला घरच्या हळदीसाठी विकत आणलं. मी दोन दिवस गाणी वाजवली. पाहुण्यांनी माझं कौतुक केलं आणि मग मला माळ्यावर टाकलं. तिथून मला पुन्हा खाली काढलं ते रानात नेण्यासाठी.

सर्जेरावांनी एक निसर्ग मंडळ काढलं होतं. दर रविवारी सकाळी पप्पू ड्रायव्हरची जीप निघायची. जीपमध्ये दुकानदार, शिक्षक, कारखान्यातले कामगार असे सगळ्या तऱ्हेचे लोक असत. ते माळरानावर चालायचे, कीटक पाहायचे, गवतांची नावं पाठ करायचे. मला ते दिवस आवडत. मी तेव्हा फक्त माहिती सांगायचो, म्हणजे सर्जेरावांचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचवायचो. मंडळाचा नियम कडक होता. चॉकलेटचा कागदसुद्धा मागे राहायला नको. परत निघताना सर्जेराव स्वतः वाकून दुसऱ्यांनी टाकलेल्या बाटल्या उचलत. तो माणूस खोटा नव्हता. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही सोपा अर्थ काढणार नाही.

मंडळात आकांक्षा नावाची मुलगी होती. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून ती बियाण्यांच्या प्रयोगशाळेत नोकरी करत होती. गिरिजाबाईंच्या पडीक गवतात तणमोर आहे, हे पहिल्यांदा तिला कळलं. ती लांबच्या बांधावर पोटावर पडून राहिली आणि तिने त्याचा आवाज टिपला. शिकण्यासाठी म्हणून तिने तो मंडळातल्या सगळ्यांना पाठवला.

तणमोर कोंबडीएवढा असतो. पावसाळ्यात नराची मान आणि पोट काळंभोर होतं, आणि कानांमागून पिसांच्या लांब काड्या मागे वळलेल्या दिसतात. गवत उंच वाढलं की तो त्यातून सरळ वर उडी घेतो, हवेत पंख फडफडवतो, बेडकासारखा टरटरतो आणि परत तिथेच उतरतो. असं दिवसभरात शेकडो वेळा. गवतात लपलेल्या मादीला आपण दिसावं आणि दुसऱ्या नरांनी लांब राहावं, यासाठी ही सगळी धडपड असते. हा पक्षी आता फार थोडा उरला आहे.

गिरिजाबाईंनी मंडळाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "माझ्या दोन म्हशी या गवतावर हायेत. दसऱ्यापर्यंत मी इळा लावत न्हाई. पोरगा म्हणून राह्यला, ट्रॅक्टर घालू, सोयाबीन पेरू. मी म्हणते, पाखरू हाय, मोठमोठे लोक बघायला येतात, थांब. पाखरू हाय तवर माझं गवत हाय. मंग तुम्ही काय करता ते बघून करा."

"मावशी, तुम्ही बिलकुल काळजी करू नका," सर्जेराव म्हणाले. "आम्ही त्याच्यासाठीच तर येतो."

पण तणमोर लांब होता. बांधावरून तो गवतावर क्षणभर काळ्या ठिपक्यासारखा दिसायचा आणि नाहीसा व्हायचा. लोकांच्या कॅमेऱ्यांत नुसतं गवत यायचं. दुसऱ्या रविवारी सर्जेरावांनी मला गवताच्या कडेला ठेवलं आणि आकांक्षाने टिपलेला आवाज माझ्यातल्या कार्डात भरून फोनवरून लावला.

मी टरटरलो.

गवतातल्या उड्या थांबल्या. मग आधीपेक्षा जवळ एक उडी आली. मग आणखी जवळ. कॅमेरे खटखटू लागले. माझ्यासाठी कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

"साहेब, यून राह्यला ना पळत!" पप्पू म्हणाला. "एवढ्या जल्दी तर माझा मेहुणाबी हाकेला येत न्हाई."

सगळे हसले. आकांक्षा हसली नाही. ती सर्जेरावांना म्हणाली, "काका, तो भांडायला येतोय, भेटायला नाही. त्याला वाटतंय दुसरा नर आलाय. त्याला हाकलल्याशिवाय तो थांबायचा नाही, आणि आपला स्पीकर कसा पळणार?"

"अगं, पाच मिनटानं काय होतंय?"

"तो दाणापाणी सोडून उड्या मारत बसतो."

"आकांक्षा, माझं ऐक. लोकांनी बघितलं तर लोक वाचवतील. न दिसणाऱ्या पाखरासाठी कोण रडतं?"

 माझा आवाज चालूच राहिला.

मित्रांनो, एक साधी गोष्ट लक्षात घ्या. खरा तणमोर थकला की थांबतो. मी थकत नाही. बॅटरी संपेपर्यंत माझी प्रत्येक उडी पहिल्या उडीइतकीच ताजी असते, कारण मी उडी मारतच नाही. तो माझ्याभोवती गोल फिरायचा, मान फुगवायचा, गवतात वाकून शत्रू शोधायचा. शत्रू सापडायचा नाही. पुन्हा उडी. मी त्याच्याच टिपलेल्या आवाजात त्याला आव्हान देत होतो. तो स्वतःशीच भांडत होता आणि हरत होता.

आता कुत्र्यांबद्दल. फाट्यावर चिकनचं एक दुकान आहे. तिथली कुत्री रानात भटकत, पण या गवताकडे क्वचितच येत. मंडळाचा नाश्ता गाडीवाटेवर व्हायचा. पोहे, शेव, उकडलेली अंडी. उरलेलं काय करायचं? प्लास्टिक मागे ठेवायचं नाही हा नियम होता, पण पोहे म्हणजे कचरा नव्हे. अन्न वाया घालवू नये आणि मुक्या जनावरावर दया करावी, असं सगळ्यांनाच वाटे. म्हणून रिकाम्या पत्रावळ्या पिशवीत भरून परत जात आणि पोहे कुत्र्यांपुढे पडत. आकांक्षासुद्धा बिस्किटं द्यायची. पप्पूने एका तांबड्या कुत्रीचं नाव 'म्याडम' ठेवलं होतं, कारण माणसं जीपमधून उतरण्याआधीच ती दाराशेजारी येऊन उभी राहायची.

काही आठवड्यांत कुत्र्यांना जीपचा आवाज ओळखू येऊ लागला. जीप दिसली की ती गवताच्या कडेला येऊन बसत. मी जिथे ठेवलेला असे, तिथेच. मला कोणी कुठे ठेवलं आहे आणि कुत्री कुठे बसली आहेत, या दोन गोष्टी एकत्र कुणी पाहिल्या नाहीत.

श्रावणातल्या एका रविवारी सर्जेराव म्हणाले, "आज पायासकट पाहिजे. आत्तापर्यंत सगळे फोटो गवतानं कमरेत कापलेले आहेत. जरा मोकळ्यात घ्या त्याला."

त्यांनी मला गाडीवाटेच्या कडेला ठेवलं. तिथलं गवत गुरांनी खाऊन आखूड झालं होतं. आवाज शेवटपर्यंत वाढवला.

"काका, नको," आकांक्षा म्हणाली. "एकदा वाजलं, पुरे."

"शेवटचं. तुझी शपथ."

"माझी कशाला? तुमची घ्या."

"नवरदेव मंडपात येईपर्यंत बँड बंद करत न्हाईत, ताई," पप्पू मध्येच बोलला आणि पुन्हा हशा झाला.

तणमोर आला. उंच गवतातून बाहेर पडला, थबकला आणि आखूड गवतात उतरला. मी त्याला प्रथमच पूर्ण पाहिलं. पाय पिवळट, बारीक, काडीसारखे. तो खूप वाळला होता. त्याने माझ्याकडे तोंड करून उडी घेतली. पिसांच्या काड्या मागे झुकल्या होत्या, पंख पसरले होते, ऊन बरोबर बाजूने येत होतं. सर्जेरावांच्या कॅमेऱ्याचा आवाज न थांबता येत राहिला.

तो जिथून उडाला तिथेच खाली उतरणार होता. तणमोराची ती सवयच आहे. माझ्याशेजारी बसलेल्या म्याडमला एवढंच पाहावं लागलं.

तिने त्याला जमिनीला पाय टेकण्याआधी धरलं. पंखाला. तो सुटला, एका पंखावर फरफटत माझ्याकडेच आला, कारण लपायला उंच गवत उरलं नव्हतं. मग बाकीची कुत्री आली. लोक ओरडत पळाले, कुणी चप्पल फेकली, कुणी पाण्याची बाटली. एका कुत्र्याने झटापटीत माझ्या जाळीत दात रुतवले. तणमोर एकदा टरटरला. तो आवाज बेडकासारखा नव्हता, कशासारखाच नव्हता. नंतर त्याचा आवाज बंद झाला.

माझा चालू होता. मला बंद करायचा फोन सर्जेरावांच्या खिशात होता आणि त्यांचे दोन्ही हात कॅमेऱ्याला होते. फाटलेल्या पिसांमध्ये पडून मी मोठ्या, ताज्या आवाजात त्याला आव्हान देत राहिलो. अखेर आकांक्षाने येऊन माझी कळ दाबली.

गिरिजाबाई काठी घेऊन पळत आल्या. कुत्री पांगली. त्या खाली बसल्या आणि मातीतलं एक लांब पीस उचलून बघत राहिल्या.

"मावशी, कुत्र्यांनी केलं," सर्जेराव म्हणाले.  "रानात हे होतंच. आमचं काय त्यात?"

"कुत्री हितं कधीबी येऊ द्या, भाऊ. पाखरू वाटेवर कधी आल्तं?"

त्या माझ्याकडे वळल्या.

"ह्या डब्यानं बोलावलं ना त्याला?" त्यांनी मला काठीने ढोसलं. "आता जा घरी. मी पोराला काय सांगू ते माझं मी बघते."

"मावशी, मी बोलते त्याच्याशी," आकांक्षा म्हणाली.

"काय बोलती, माय? पाखरू हाय म्हणून सांगती का?"

परतीच्या वाटेवर काय ठरलं ते मला माहीत नाही, कारण मला त्यांनी तिथेच सोडलं. माझ्यावर रक्त होतं आणि जाळी फुटली होती. सर्जेराव नवीन घेणार होते. एवढं मात्र नंतर गिरिजाबाईंच्या ओसरीवर ऐकलं की वनखात्याला कुणी काही कळवलं नाही. मंडळाचं नाव खराब झालं तर माळरानाबद्दल लोकांना कोण सांगणार, असं सर्जेरावांचं म्हणणं होतं. आकांक्षाने मंडळ सोडलं. तक्रार तिनेही केली नाही. तिने टिपलेलाच आवाज वाजला होता आणि बिस्किटं तिचीही होती.

त्या उडीचा फोटो फार सुंदर आला म्हणतात. दिवाळीला तो एका कॅलेंडरवर छापला. गिरिजाबाईंच्या मुलाने ते कॅलेंडर भिंतीला लावलं आहे. फोटोखाली 'माळरान जपा' असं लिहिलं आहे. फोटोच्या कोपऱ्यात मी होतो, तेवढा भाग कापून टाकला आहे. कुत्रीही कापली आहे.

गवत दसऱ्याच्या आधीच गेलं. ट्रॅक्टरने मुरूम वर काढला. म्हशी विकल्या नाहीत, पण त्यांच्या वैरणीसाठी गिरिजाबाईंना आता लांब जावं लागतं. मुलाने माझ्यातलं कार्ड काढून त्यावरचं सगळं पुसलं आणि भुंकणं, ओरडणं भरलं. मला बांबूवर चढवलं. त्या तणमोराचा आवाज माझ्यात होता, तो असा गेला.

यंदा पावसाळ्यात तणमोराची एक मादी आली. तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची, कुणाच्याही नजरेत न भरणारी. ती सोयाबीनच्या ओळीत उभी राहून मान उंच करून पाहत होती. गवतावर कुणीतरी उडी मारेल अशी तिची अपेक्षा असावी. आकांक्षा त्या दिवशी एकटीच आली होती आणि रस्त्यापलीकडे दुर्बीण घेऊन बसली होती. ती जागची हलली नाही. तेवढ्यात माझी वेळ झाली. मी भुंकलो. मादी उडाली, फार वर न जाता सरळ लांब गेली आणि परत आली नाही. आकांक्षा उशिरापर्यंत तिथेच बसून होती.

मित्रांनो, हे सगळं मी तुम्हाला का सांगतो आहे? काल पप्पूची जीप इथून गेली. गिरिजाबाईंनी पाणी दिलं तेव्हा तो सांगत होता, "मावशी, जाफराबादकडं आणखी एक निघालाय तणमोर. साहेबांनी नवा स्पीकर घेतलाय. याच्या चौपट आवाज! ह्या बारीला शाळेची पोरं नेऊन राह्यलो. पोरांना बराबर जवळून दाखवायचाय."

म्हणजे त्या जीपमध्ये तुम्ही असाल. रानात जरूर जा. चिखलात चाला, पोटावर पडा, तास न् तास काही दिसलं नाही तरी चालेल. उरलेला डबा तसाच घरी आणा, कुत्र्याला घालायचा असेल तर घराजवळच्या कुत्र्याला घाला. आणि कुणी गवताच्या कडेला माझ्यासारखा डबा ठेवून फोन हातात घेतला, तर 'बंद करा' एवढं मोठ्याने म्हणा. मला ते म्हणता येत नाही, माझ्यात फक्त भुंकणं आणि ओरडणं भरलं आहे. मोठी माणसं रागावतील, एवढ्या लांबून आणलं म्हणून ओरडतील, पुढच्या वेळी नेणार नाही म्हणतील.

रागावू द्या.