दारात येणारी गाडी

ब्रेकताईंच्या गाडीला दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक त्यांच्या स्वतःच्या. तिसरा त्यांच्या तोंडात आहे असं त्यांचे विद्यार्थी म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं. "समोर म्हातारी आहे, ब्रेक! कुत्रं झोपलंय, ब्रेक! अहो, भिंत आहे ती, तिला कसला हॉर्न मारताय? ती काय बाजूला होणारे का?" असा तोंडाचा पट्टा सकाळपासून सुरू. खरं नाव पाटीवर लिहिलेलं होतं, पण ते वाचतो कोण! ब्रेकताई म्हणजे ब्रेकताई.

शहरात गाडी शिकवणारे ढीगभर होते. पण विद्यार्थ्याला दारातून उचलून परत दारात सोडणाऱ्या या एकट्याच. बाकीचे सगळे चौकात बोलवायचे. ताईंना ते पटायचं नाही. "माझी मुलं रस्त्यावर ताटकळत उभी राहणार नाहीत," असं त्या ठणकावून सांगायच्या. मुलं म्हणजे कोण, तर पन्नाशीचे दंतवैद्य आणि नातवंडं असलेल्या बायकासुद्धा. पण एकदा गाडीत बसलं की सगळी मुलंच.

त्या मुलांमधली त्यांची सगळ्यात लाडकी म्हणजे नर्स. टेकडीमागच्या वसाहतीत मावशीकडे राहायची. पहिल्याच दिवशी तिनं खालच्या मानेनं सांगितलं होतं, "ताई, दारात हॉर्न मारू नका आणि मला नावानं हाक मारू नका." मग हळूहळू बाकीचं कळलं. नवरा पोलीस खात्यात. डाव्या हाताचं हाड त्यानं दोनदा मोडलेलं. एक दिवस कपड्यांची पिशवी घेऊन निघाली ती मावशीच्या दारात आली, आणि तेव्हापासून फोनसुद्धा वापरत नव्हती. दूरच्या एका खेड्यातल्या दवाखान्यात नोकरी मिळत होती, फक्त गाडी चालवता यायला हवी होती. परीक्षा तोंडावर आली होती. ती पास झाली की सुटली, आणि त्याआधी त्याला सापडली तर मेली, इतकं सरळ होतं ते.

आता कॅमेऱ्यांचं सांगायला हवं, कारण ते ब्रेकताईंनीच बसवून घेतले होते. म्हणजे खांबावर चढून नव्हे! पण गेल्या निवडणुकीत वॉर्डातल्या उमेदवारानं वचन दिलं की प्रत्येक चौकात गाड्यांचे नंबर टिपणारे कॅमेरे लावू, चोरीची गाडी शहराबाहेर जाणार नाही. ताईंच्या गाडीचे आरसे तेव्हा नुकतेच चोरीला गेले होते. त्या अशा पेटल्या की प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरात शिरून त्याचा प्रचार केला. "कर नाही त्याला डर कशाला!" हे त्यांचं पालुपद. उमेदवार निवडून आला, कॅमेरे लागले. आरसे काही सापडले नाहीत.

खालच्या मजल्यावर राहणारे त्यांचे थोरले दीर मात्र पहिल्यापासून विरोधात. भाऊजी शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले, आणि पेपरातली एक ओळ सोडायचे नाहीत. "वहिनी, ऐका," ते चहाचा कप हातात घेऊन सुरू व्हायचे, "चोरांसाठी म्हणून लावले, आणि आता नवा कायदा आलाय. कुठल्याही पोलिसानं कुणाचाही नंबर घालायचा आणि बघायचं. मोर्चाला गेलेल्यांच्या घरी माणसं पोचली, माहितीये? मोर्चाच्या जागेजवळ गाडी लावली होती, एवढाच पुरावा."

"मग जावंच कशाला मोर्चाला?" ताई भांडी आपटत म्हणायच्या. "तुम्ही पेपर जरा कमी वाचा हो, भाऊजी. पित्त होईल."

त्या दिवशी सकाळी नवा विद्यार्थी होता. फोनवर अगदी गोड बोलला होता आणि बसस्टॉपवरच उभा राहिला होता. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, तोंडात सारखं मॅडम मॅडम. ताईंनी त्याला चालकाच्या जागेवर बसवलं आणि नेहमीचा पहिला धडा सुरू केला, हा क्लच, हा ब्रेक. पण त्यांचं लक्ष त्याच्या पायाकडे होतं. त्या अजून क्लचबद्दल बोलतच होत्या आणि त्याचा डावा पाय आपसूक क्लचवर जाऊन बसला होता. नजरही न सांगता आरशात जाऊन आली होती.

"अहो, तुम्हाला तर गाडी येते!" ताई हसल्या. "माझी चेष्टा करताय की काय?"

"येते ना," तो म्हणाला आणि सफाईदारपणे गाडी काढली. "शिकायचं नाहीये, मॅडम. विचारायचंय. माझी बायको तुमच्याकडे शिकते. परीक्षेच्या अर्जात गाडीचा नंबर लिहावा लागतो ना, तो तुमचा आहे."

ताईंनी नजर रस्त्यावरून हलवली नाही.

"कोण बायको? माझ्याकडे पन्नास बायका येतात."

"तुमचा नंबर घातला की सगळं दिसतं मला," तो शांतपणे म्हणाला, जणू हवापाण्याच्या गप्पा चालल्या आहेत. "एक दिवसाआड दुपारी तुमची गाडी टेकडीचा चौक ओलांडून वसाहतीत जाते. जरा वेळानं बाहेर येते. अडचण एवढीच आहे की मला चौकापर्यंत दिसतं. आत दारं भरपूर. मला एकच दार हवंय."

"मला माहीत नाही."

"असं कसं? दारात सोडता ना तुम्ही? पाटीवरच लिहिलंय." मग त्यानं मान जराशी ताईंकडे वळवली. "बरं, कान कसा आहे आता?"

ताईंचा उजवा कान महिनाभर दगा देत होता. ही गोष्ट त्यांनी भाऊजींना सांगितली नव्हती, सख्ख्या बहिणीला सांगितली नव्हती.

"कानाच्या दवाखान्याच्या गल्लीत तीनदा शिरलात तुम्ही," तो म्हणाला. "दर वेळी तासाभरानंच बाहेर. त्या गल्लीत दुसरं आहे काय? ऐकू कमी येणाऱ्या बाईला शिकवायचा परवाना ठेवतात का हो? मला नक्की माहीत नाही, विचारावं लागेल कुणाला तरी."

ताईंनी पाय उचलला आणि आपला ब्रेक असा दाबला की त्याची छाती स्टिअरिंगवर आदळली. मागून दोन गाड्या कोकलल्या.

"उतर," त्या म्हणाल्या. "उतर माझ्या गाडीतून, मेल्या!"

तो उतरला. शर्ट नीट केला, खिडकीत वाकला. "नका सांगू दार. आज दुपारी तिची वेळ आहे. तुम्ही निघालात की मला कळेल, मी मागे असेनच. आणि तुम्ही गेलाच नाहीत, तर आज संध्याकाळपासून मी एकेक दार वाजवेन. दोनच दिवसांची रजा घेतलीय, पण पुरेल."

तो गेल्यावर ताई चालकाच्या जागेवर येऊन बसल्या, पण किल्ली फिरवली नाही. कुंपणानंच शेत खाल्लं, तर दाद मागायची कुणाकडे? चौकीत जायचं म्हणजे त्याच्याच भाऊबंदांकडे जायचं. नर्सकडे फोन नाही, मावशीचा नंबर ताईंकडे नाही. गाडी घेऊन जावं, तर तोच मागे. त्यांनी वर पाहिलं. खांबावर कॅमेरा होता, करड्या रंगाचा, गुपचूप. रोज त्याच्याखालून जात होत्या त्या, आणि एकदाही त्याचं तोंड आपल्याकडे आहे असं वाटलं नव्हतं. बाई गं, हे काय करून बसलो आपण!

घरी येऊन त्यांनी भाऊजींना सगळं सांगितलं, कानासकट. "बघा, मी म्हणत नव्हतो," असं ते म्हणतील म्हणून ताईंनी मान खाली घातली होती. पण भाऊजींनी कप खाली ठेवला आणि फक्त विचारलं, "घर कुठलं?"

"हिरवं फाटक, विहिरीच्या समोरचं. भाऊजी, तुम्ही बसनं जा. तिला मागच्या पायवाटेनं काढा आणि बसस्टँडवर पोचवा. मी त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला नाचवते. त्याला वाटू दे मी दुसरीच कुठून तरी तिला उचलतेय."

बेत चांगला होता. अर्ध्या तासात ताई शहराच्या पार उलट्या बाजूला होत्या आणि स्टिअरिंगवर होते दंतवैद्य. लोकांच्या दाढा उपटताना ज्यांचा हात हलत नाही, ते तिसरा गिअर टाकताना देवाचं नाव घ्यायचे. ताईंनी त्यांना जितके म्हणून चौक होते तितक्या चौकांतून फिरवलं. प्रत्येक कॅमेऱ्याखाली त्या मनात म्हणत होत्या, घे, बघ, आता इथे आहे मी, ये माझ्या मागे.

"ताई, आज धडा जरा लांबला का?" दंतवैद्यांनी घाबरत विचारलं. "दवाखान्यात पेशंट तोंड उघडून बसला असेल."

"बसू दे. मिटलं तर परत उघडेल. डावीकडे घ्या."

तेवढ्यात फोन वाजला. ताईंनी तो चांगल्या कानाला लावला.

"वहिनी," भाऊजींचा आवाज ओळखू येत नव्हता. "तो इथे आहे."

"कुठे इथे?"

"हिरव्या फाटकासमोर. मी पोचलो, स्कूटर लावली, आणि मागून हाच. मला नमस्कार केला. म्हणाला, आभारी आहे, काका."

"स्कूटर?" ताई किंचाळल्या. दंतवैद्यांनी दचकून स्वतःहून ब्रेक मारला. "भाऊजी, बसनं जा म्हटलं होतं ना मी!"

"गुडघा दुखत होता, वहिनी. आणि मला वाटलं, माझ्या खटाऱ्याचं कुणाला काय पडलंय?" भाऊजी म्हणाले. "एकाच पत्त्यावर दोन गाड्या. त्यानं दोन्ही नंबर पाळतीवर लावून ठेवले होते. मला कळायला हवं होतं हो. मीच सगळ्यांना शहाणपणा शिकवतो."

"फाटकातून हलू नका," ताई म्हणाल्या. "मी आलेच."

दंतवैद्यांना बाजूला करायलाही वेळ नव्हता. "डॉक्टर, चौथा टाका." "चौथा मी कधी टाकला नाही हो!" "मग आज टाका!" आणि ते बिचारे घामानं निथळत गाडी हाकत राहिले. ताई एकदाही ओरडल्या नाहीत, ही त्यांना जास्तच भीतीची गोष्ट वाटली.

गाडी वसाहतीत शिरली तेव्हा तो फाटकाच्या पायरीशी उभा होता. भाऊजी फाटकाला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभे होते. गाडी थांबताच ताई खाली उतरल्या. त्याच्या खिशातला फोन टिंग करून वाजला. त्यानं तो काढून पाहिला, मग वर पाहिलं आणि हसला.

"आलात? आत्ताच कळलं. टेकडीचा चौक ओलांडलात तुम्ही."

मग ताईंनी जे केलं ते विचार करून केलं नव्हतं. गाडीत हात घालून हॉर्नवर तळवा दाबला आणि तो उचललाच नाही. ज्या दारात कधी हॉर्न मारायचा नव्हता, त्याच दारात. खिडक्या उघडल्या, दारं उघडली, बायका बाहेर आल्या.

"काही नाही, काही नाही, घरगुती मामला आहे," तो सगळ्यांना म्हणाला.

"घरगुती?" वरून आवाज आला.

नर्स पायऱ्या उतरत होती. हातात कपड्यांची पिशवी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण पावलं ठाम पडत होती. ती भाऊजींच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि बाही कोपरापर्यंत सारली. हाड नीट जुळलेलं नव्हतं, ते लांबूनही दिसत होतं.

"हे ह्यानं केलंय," ती गल्लीला म्हणाली. "दोनदा. आणि मला शोधायला सरकारी कॅमेरे वापरलेत. नीट बघून ठेवा ह्याला."

मग समोरच्या घरातल्या एका बाईनं फोन वर धरला आणि त्याचं चित्रण सुरू केलं. शेजारणीनंही धरला. मग तिसरीनं. आपला चेहरा इतक्या फोनमध्ये जातोय हे कळल्यावर त्याचं हसू मावळलं.

"बघू किती दिवस," तो म्हणाला. "शहर लहान आहे." आणि गर्दीतून वाट काढत निघून गेला.

भाऊजी मटकन पायरीवर बसले. दंतवैद्य अजून स्टिअरिंग घट्ट धरून होते. ताईंनी गाडीचं मागचं दार उघडलं.

"चल बाळा, बस. कुठे म्हणशील तिथे सोडते."

नर्स हलली नाही. ती गाडीच्या नंबराकडे बघत होती.

"नको, ताई."

"अगं, स्टँडपर्यंत तरी!"

"ह्या गाडीत नको. कुठल्याच गाडीत नको." तिनं पिशवी छातीशी धरली. "तुमचा राग नाही मला. पण मी कुठे चाललेय हे विचारू नका. तुम्ही विचारलंत तर मला खोटं सांगावं लागेल, आणि तुमच्याशी खोटं बोलायचं नाहीये."

ताईंनी दार तसंच उघडं धरून ठेवलं. "आणि परीक्षा? इतकी छान चालवायला लागली होतीस गं! नोकरी?"

"अर्जावर परत गाडीचा नंबर लागेल ना," नर्स म्हणाली.

मावशीनं तिच्या हातात पाण्याची बाटली दिली, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि सोडला. नर्सनं पिशवी खांद्यावर टाकली आणि विहिरीच्या बाजूनं चालू लागली. गल्लीतल्या सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या. कोपऱ्यापाशी दोन वाटा फुटत होत्या.

"बघू नका गं तिच्याकडे," ब्रेकताई ओरडल्या. "आत जा सगळ्या!"

आणि ती कुठल्या वाटेनं वळते हे आपल्यालाही दिसू नये म्हणून त्यांनी गाडीकडे तोंड केलं आणि डोळे मिटून घेतले.